नुसतं पडून किती जळतं?

आधीच हात जोडून सांगतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि भारी शब्द येत नाहीत. आमच्या गावच्या अंकाचे संपादक म्हणाले, "तू साधं लिही, चुका आम्ही काढतो." म्हणून लिहायला बसलो. उभं राहून बोलायला सांगितलं असतं तर मी आलोच नसतो.

दवाखान्यात किस्से कसे साठतात? बाजारात कोळणीच्या पाटीखाली पाणी साठतं तसे. मुद्दाम कोणी ओतत नाही. संध्याकाळी पाटी उचलली की दिसतं!

आमचा दवाखाना भुईगावला, चर्चच्या बाजूच्या गल्लीत. डॉक्टर कोरिया मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून रिटायर होऊन आले, ते एक मशीन घेऊनच. हॉस्पिटलवाले ते भंगारात काढत होते. टेम्पोतून उतरवताना पोरं मागे धावली, त्यांना वाटलं आइस्क्रीमचं आहे!

मशीन म्हणजे पाण्यात उलटं बसवलेलं एक पिंप. त्यात ऑक्सिजन भरायचा. माणसाला खाटेवर आडवं करायचं, नाकाला चिमटा, तोंडात रबराची नळी. तो श्वास घेईल तसं पिंप खाली उतरतं आणि बाजूच्या फिरत्या कागदावर पेन रेघ वर चढवत नेतं. त्या रेघेवरून कळतं, की माणूस काही न करता, नुसता पडून, किती कॅलरी जाळतो. रेघ जितकी उभी चढेल, तितकं जास्त जळतं.

"बोट किनाऱ्याला उभी असते, पण इंजिन धुकधुकत असतं ना?" डॉक्टर सगळ्यांना समजावायचे. "तेव्हा ते किती डिझेल पितं, तेवढंच मोजायचं."

वजन, उंची आणि वय घातलं की किती जळायला पाहिजे त्याचा अंदाज तक्त्यावरून निघायचा. मशीनचा आकडा त्याच्या आसपास आला तर माणूस बरा. फार वर गेला तर गळ्याच्या गाठीत बिघाड, आणि मग मुंबईला ऑपरेशन.

मला कामावर घेतलं ते नळ्यांमुळे. रबर जुनं, सारखं फाटायचं. मी तेव्हा सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होतो. डॉक्टर नळी घेऊन आले, मी ती पाण्याच्या टबात बुडवली, बुडबुडा पकडला, ठिगळ लावलं. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून तिकडेच ये."

सिस्टर लुसी आमच्या नर्स. अर्ध्या गावाला इंजेक्शन टोचून झालेल्या. मी पहिल्या दिवशी काहीच बोललो नाही, तर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एक मुकं मशीन होतं, तुम्ही दुसरं आणलंत!"

*

तपासणी सकाळी, आणि पोटात काही असता कामा नये. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं, "उपास करून या."

आचोळ्याहून एक शाळेतल्या बाई आल्या. आडव्या झाल्या, चिमटा लावला, रेघ सुरू झाली. चांगलीच वर!

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही घेतलंत का?"

"छे! कडक उपास." बाई जरा रागावल्याच. "साबुदाण्याची खिचडी, दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू. बाकी पाणीसुद्धा नाही!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, आपल्या ख्रिस्ती लोकांचं बरं, उपाशी म्हणजे उपाशी. आणि पुढच्या शुक्रवारी आमच्याच आळीतले एक गृहस्थ ढेकर देत आले.

"अहो, उपाशी यायला सांगितलं होतं!"

"उपासच आहे डॉक्टर. शुक्रवार ना? मटणाला हात लावला नाही. फक्त बोंबील खाल्ले!"

त्या दिवसापासून डॉक्टरांनी 'उपास' हा शब्दच टाकला. "रात्री जेवा आणि मग इथे येईपर्यंत तोंडाला कुलूप लावा," असं सांगायला लागले.

*

पेद्रूकाकांची केळीची वाडी. आयुष्यात उजाडल्यावर ते कधी आडवे झाले नसतील. तपासणीआधी अर्धा तास शांत पडून राहायचं असतं. काका खाटेवर पडले आणि छताकडे बघायला लागले.

"सायमन, पंप कोण सुरू करतंय रे माझ्या वाडीत?"

मी म्हटलं, "काका, आराम."

"आरामच करतोय. पण पाटाची मोरी बुजलीय तिकडे. पोराला दिसणार नाही ती."

"काका, आराम."

"अरे हो! आणि म्हैस?"

नळी लावली तेव्हा काका घामाघूम होते! रेघ अशी चढली, की डॉक्टरांना वाटलं पिंप फुटलं. काकांनी चिमटा स्वतःच काढला आणि उठून बसले.

"डॉक्टर, आराम करायला माणूस आधी दमायला पाहिजे. मी वाडीत दोन फेऱ्या मारून येतो, मग मोजा!"

*

बाकीचे बरेचसे गंमत म्हणून यायचे. फिलू मात्र भीतीने आली.

फिलू म्हणजे पास्कूकाकांची फिलोमिना. काकांचा पानवेलींचा मळा आमच्या घरापासून सायकलने जवळच. फिलू चर्चच्या कोयरमध्ये गायची. चर्चच्या वार्षिक सणाला मिस्सेच्या प्रार्थनेत तिने एकटीने गायला सुरुवात केली की बाहेर उभे राहून विड्या ओढणारे पुरुषसुद्धा विडी विझवून आत यायचे. पापडीला शिवणाचा क्लास सुरू केल्यापासून ती बारीक व्हायला लागली होती आणि गळा जरा भरल्यासारखा दिसत होता. तिच्या मावशीचंही असंच झालं होतं. मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण गाण्याचा आवाज परत आला नाही. तीही कोयरमध्येच होती.

म्हणून पास्कूकाका मुलीला घेऊन आले ते टोपी हातात चुरगळतच.

मी चिमटा लावला. मी कोणाशीच बोलत नाही, त्या दिवशी तर माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. ती छताकडे बघत होती, मी पेनकडे.

रेघ वर गेली. चांगलीच वर.

काकांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, गळा?"

"एका तपासणीवर मी काही बोलत नाही," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा बघू."

*

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एक वेगळाच घोटाळा उघड झाला. डॉक्टर चक्रावले होते. जो येईल त्याचा आकडा थोडा वरच! मास्तर वर, सुतार वर, चर्चचा पेटीवादकही वर.

"आख्ख्या भुईगावचा गळा बिघडलाय की काय?" डॉक्टर म्हणाले.

आमचा वजनकाटा मोडला होता, म्हणून आम्ही लोकांना जोसेफशेठच्या केळ्यांच्या वखारीत वजन करायला पाठवायचो. शेठ स्वतः काट्यावर उभं करायचे आणि वजन चिठ्ठीवर लिहून द्यायचे. फुकट, दवाखान्याची सेवा म्हणून. एक दिवस डॉक्टर स्वतःच काट्यावर उभे राहिले. चिठ्ठी बघितली आणि काटा बघितला.

"शेठ, काटा जास्त दाखवतोय आणि तुम्ही कमी लिहिलंय!"

"बरोबर आहे डॉक्टर," शेठ शांतपणे म्हणाले. "दांडा वजा केला."

घड तोलला की दांड्याचं वजन कापायचं, ही वखारीची पिढ्यान् पिढ्यांची रीत. शेठच्या हाताला तीच सवय! गावातल्या प्रत्येक माणसाचा दांडा त्यांनी वजा केला होता. वजन कमी लिहिलं म्हणून तक्त्यावरचा अंदाज कमी निघायचा, आणि मशीनचा आकडा वर गेल्यासारखा दिसायचा.

ही बातमी कळली तसे पास्कूकाका धावत आले. "म्हणजे फिलूचंही तसंच! दांड्याचंच!"

फिलूचं पुन्हा वजन केलं. त्याच काट्यावर, दांड्यासकट. डॉक्टरांनी हिशोब पुन्हा मांडला. आकडा थोडा खाली आला, पण होता वरच. काका टोपी घालून गेले.

*

पेद्रूकाकांनंतर डॉक्टरांनी तपासणी अजून लवकर घ्यायची ठरवली, म्हणजे लोकांच्या डोक्यात कामं शिरायच्या आत. पहिला नंबर सांतानमावशींचा. लुगडं नेसणारी, आमच्या आळीतली सगळ्यात म्हातारी बाई. अशी शांत पडली, की डॉक्टर खूश.

"बघ सायमन, याला म्हणतात आराम!"

रेघ सरळ, सुंदर चालली होती. आणि चर्चची सकाळची घंटा झाली, आंजेलुसच्या प्रार्थनेची.

सांतानमावशी उठल्या. नाकाला चिमटा, तोंडात नळी, तशाच खाली उतरल्या आणि गुडघे टेकून हात जोडले! पिंप डुचमळलं, पाणी फरशीवर आलं. मी धरायला जाणार, तर सिस्टर लुसी डोळे मिटून उभ्या. डॉक्टरही उभे, मान खाली. मग मीही उभा राहिलो. घंटा आहे, काय करणार? तिथे एकट्या पेनला श्रद्धा नव्हती. ते कागदावर डोंगर काढत सुटलं.

प्रार्थना संपली. मावशी परत खाटेवर चढल्या, डोळ्यांनीच खूण केली, 'चालू द्या.'

डॉक्टरांनी तो कागद काढला, बराच वेळ बघितला आणि सिस्टरना म्हणाले, "हा आकडा आपल्या तक्त्यात नाही. वर पाठवा!"

*

पाचूबंदरहून हरबातात्या आले ते दुपारी. "सकाळी या सांगितलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"भरती व्हती ना बाय," तात्या म्हणाले. "मी घड्यालावर नाय, पान्यावर चालतो." पोटात मात्र खरंच काही नव्हतं. सोबत त्यांची बायको काशीबाय, मासळी विकणारी, अंगावर दागिने आणि आवाज असा, की गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल.

होडीवरच्या माणसाला जिथे पाठ टेकेल तिथे झोप येते. तात्यांच्या तोंडात नळी घातली आणि ते घोरायला लागले. घोरण्याबरोबर पेनही नाचायला लागलं.

डॉक्टर म्हणाले, "झोपून चालत नाही. माणूस जागा पाहिजे, पण शांत."

"जागाच पायजे ना?" काशीबाय स्टूल ओढून बसल्या. "मंग माझ्यावर सोडा. काय हो, परवाची पापलेटं कोनाला दिली? सांगा ना! भयनीला! माझ्या भावाला बोंबील न तुमच्या भयनीला पापलेट!"

तात्यांनी डोळे टक्क उघडले. तोंडात नळी, उत्तर देता येईना. रेघ जिन्यासारखी चढली!

"बाई, थांबा, थांबा!" डॉक्टर ओरडले.

काशीबाय थांबल्या. तात्या घोरायला लागले.

"अहो, तुम्ही बोललात तर हे तापतात, गप्प बसलात तर झोपतात. मी मोजू कधी?"

"आता मी काय सांगू डाक्टर?" काशीबाय म्हणाल्या. "आमच्या घरी तरी काय वेगला चाललाय!"

*

एकदा फादरांच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी चर्चच्या हॉलमध्ये भाषण दिलं. सगळी वाडीवाली मंडळी पुढे, कामाला येणारी माणसं मागे भिंतीला टेकून.

डॉक्टर म्हणाले, "आपण खातो त्यातलं अर्ध्याहून जास्त शरीर नुसतं जिवंत राहण्यात खर्च करतं. हात-पाय न हलवता!"

जोसेफशेठ उठले. हिशोबी माणूस. "म्हणजे मी गड्यांना जेवू घालतो, त्यातलं अर्ध्याहून जास्त त्यांच्या निजण्यावर जातं?"

हॉल हसला. मागून सोमीबाई उठल्या. चिंचोटीकडून शेठच्याच वाडीत कामाला यायच्या.

"शेठ, निजल्यावर पन आमी तुमचेच घड मोजत असतो. ते वजा करा!"

या वेळी हॉल जास्त हसला. सगळ्यात जास्त हसले फादर. शेठ बसले, आणि पुढच्या आठवड्यापासून वाडीवरच्या जेवणात आमटी जरा घट्ट झाली, असं ऐकलं.

*

फिलूची दुसरी तपासणी झाली ती सणाला थोडेच दिवस असताना. डॉक्टरांनी तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून राहायला सांगितलं. सिस्टर बाहेर इंजेक्शनं देत होत्या. खोलीत ती आणि मी.

"सायमन," ती म्हणाली, "काहीतरी बोल ना. तू असा गप्प बसलास की मला वाटतं मी मेलेय आणि तू मेणबत्ती लावायला आलायस."

मी म्हटलं, "चिमटा टोचतो का?"

"अजून लावलाच कुठे आहेस!"

खरंच, चिमटा माझ्याच हातात होता.

तिने छताकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "गळा कापतील का रे?"

मला खोटं बोलता येत नाही आणि खरं माहीत नव्हतं. मी म्हटलं, "सणाला तू गाणार आहेस ना? मी दरवर्षी मागे दाराजवळ उभा असतो. तिथपर्यंत ऐकू येतं." एवढं मोठं वाक्य मी त्याआधी कोणाशी बोललो नव्हतो.

तिने मान फिरवून माझ्याकडे बघितलं. मी चिमटा लावला.

रेघ पहिल्यापेक्षाही वर गेली.

डॉक्टरांनी पास्कूकाकांना बोलावलं. "अजून एकदा घेतो. तेव्हाही वर आलं तर मुंबईला चिठ्ठी देतो. मग थांबायचं नाही." काका मुलीला सायकलच्या मागे बसवून घेऊन गेले. फिलू त्या दिवशी गुणगुणत नव्हती.

तिसऱ्या तपासणीच्या सकाळी एक अडचण आली. मशीनच्या डब्यात पांढरे खडे असतात, श्वासातली खराब हवा शोषून घेणारे. ते संपत आले होते. डॉक्टर म्हणाले, "सायमन, स्टेशनजवळच्या केमिस्टकडे माझा डबा आलाय. पळ! सिस्टर, आज मशीन तुम्ही बघा. आहेत त्या खड्यांवर सुरुवात करू."

मी सायकल अशी मारली, की चेन दोनदा उतरली. डबा घेतला आणि तसाच परत. आलो तेव्हा तपासणी चालू होती. फिलू खाटेवर, सिस्टर पेनपाशी. मी आवाज न करता आत शिरलो, डबा टेबलावर ठेवला आणि भिंतीला लागून उभा राहिलो. दम लागला होता, तोही दाबून धरला.

तपासणी संपली. डॉक्टरांनी कागद काढून टेबलावर पसरला आणि पट्टी लावली. पास्कूकाका बाहेर बाकावर होते, त्यांची जपमाळ दारातून दिसत होती.

"गंमत आहे," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, इकडे या. ही सुरुवात. इथपासून इथपर्यंत रेघ बघा. किती आरामात चाललीय! अगदी तक्त्याप्रमाणे. आणि इथून पुढे?" त्यांनी पेन्सिलीने गोल केला. गोलाच्या पुढे रेघ एकदम उभी चढत गेली होती. "इथे काय झालं? हलली का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

"खोकली?"

"नाही."

"कोणी काही बोललं?"

"कोणीच नाही."

"मग इथे झालं काय?"

सिस्टर लुसींनी गोलाकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे.

"इथे सायमन डबा घेऊन आत आला."

मी डब्यावर काय छापलंय ते वाचायला लागलो. इंग्रजीत होतं. खाटेवर फिलूने चादर नाकापर्यंत ओढून घेतली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आधीचे दोन कागद कपाटातून काढले, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि चौघडी करून कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

"ऑपरेशन नाही," ते आवाज खाली आणून म्हणाले. "गळा उत्तम आहे, बारीक झाल्यामुळे भरल्यासारखा दिसतो. फिलू, क्लासच्या दिवशी दुपारी जेवत नाहीस ना? जेवत जा. आता घरी जा. बापाला तू काही सांगू नकोस, म्हणावं निकाल उद्या घरी कळवतो."

ती गेल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, कोण जाणार कळवायला?"

"आता मशीन तर सायकल चालवू शकत नाही!" डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पास्कूकाकांच्या मळ्यावर गेलो. काका पानवेलींना पाणी देत होते. मला बघून त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला.

"काका, ऑपरेशन नाही. सगळं नॉर्मल आहे."

काका बांधावर खालीच बसले. कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली. मग डोळे पुसून वर बघितलं.

"मग आधी दोनदा रेघ वर का गेली रे?"

मशीन जुनं आहे, असं सांगायचं मी वाटेत पाठ केलं होतं. मी सायकल कुंपणाला टेकवून उभी केली.

म्हटलं, "काका, बसून सांगू का?"